पोट भरले, पण वाढ झाली का?

डुकरांचा खुराक आणि त्यांची वाढ

शेतीला जोडधंदा म्हटला की गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी ही नावे आपल्या तोंडी चटकन येतात. डुकराचे नाव निघाले की मात्र पुष्कळ जण नाक मुरडतात. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा कैकाडी, वडार यांसारख्या समाजांनी सांभाळला आणि त्यांच्या कष्टांकडे बाकीच्यांनी तुच्छतेनेच पाहिले. आता काळ पालटला आहे. शिकलेले तरुण आणि बचत गटांच्या भगिनीही वराहपालनाची चौकशी करू लागल्या आहेत. ही चांगली गोष्ट आहे.

चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, जात कोणती घेऊ?" दुसरा प्रश्न असतो, "भाव काय मिळेल?" "खायला काय घालू?" असे मात्र क्वचितच कोणी विचारते. कारण आपल्या मनात एक समजूत घट्ट बसली आहे : डुक्कर काहीही खाते आणि काहीही खाऊन वाढते. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा अर्धा खोटा आहे, आणि या खोट्या समजुतीपायीच अनेकांचा धंदा बसतो. म्हणून आज जातीविषयी किंवा भावाविषयी न बोलता खुराकाविषयीच बोलू.

खडकीचे खरकटे

पुण्याला लागून असलेली खडकी आपल्याला ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे ठाऊक आहे. त्या लढाईनंतर येथे लष्कराची छावणी वसली. पुढे १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना आला. आजूबाजूला बोपोडी, दापोडी, औंध अशी वस्ती वाढली आणि मुंबईच्या हमरस्त्यावर खाणावळी व हॉटेले उभी राहिली. जिथे छावणी, कारखाने आणि वसतिगृहे, तिथे रोज मोठ्या पंगती; आणि जिथे मोठ्या पंगती, तिथे रोज पिंपांनी खरकटे. भात, पोळ्या, पाव, वरण, भाज्यांची देठे, रस्सा, सारे एकत्र.

शहराच्या कडेला डुकरे पाळणाऱ्याला हे अन्न फुकट किंवा नाममात्र दरात मिळते. ते आणायचे, टोपल्याने ओतायचे आणि डुकरे तुटून पडली की समाधानाने घरी जायचे. शहराजवळच्या वराहपालनाची सर्वसाधारण रीत ही अशी आहे. खेड्यातही फार वेगळे नाही. लग्नसराईतले उरलेले अन्न, बाजारातला सडका भाजीपाला, गिरणीतला झाडलेला कोंडा, एवढ्यावर जनावर काढले जाते.

पोट तर भरते. पण आठ महिन्यांनी काटा लावला की मालकाचा चेहरा उतरतो. चांगल्या जातीचे पिल्लू घेतलेले असते, त्याचे ८५ ते ९० किलो वजन व्हायला हवे होते. प्रत्यक्षात ते ५०-५५ किलोवर अडकलेले असते. मग दोष जातीला दिला जातो, पिल्लू विकणाऱ्याला दिला जातो, नाहीतर नशिबाला दिला जातो. दोष असतो तो गव्हाणीत.

हे काही आजचे नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पंचवार्षिक योजनांच्या काळात सरकारने अलीगढ, हरिणघाटा, गन्नावरम आणि आपल्याकडे मुंबईजवळ बोरीवली अशा ठिकाणी वराह प्रजननाची व बेकन कारखान्यांची कामे हाती घेतली. लार्ज व्हाईट यॉर्कशायरसारखी परदेशी जात आणून देशी डुकरांत सुधारणा करावी असा हेतू होता. अशा योजनांतून जात पुष्कळ ठिकाणी पोचली. पण जातीबरोबर खुराक पोचला नाही. जात बदलली आणि खाणे तेच राहिले, तर वाढही जवळपास तीच राहते.

डुकराचे पोट गायीचे नव्हे

असे का होते, हे समजून घेण्यासाठी गाय आणि डुक्कर यांच्या पोटातला फरक पाहू.

गायीच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे ओटीपोटीत, कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. ते कडबा, भुसा, गवत कुजवतात आणि हलक्या चाऱ्यापासूनही चांगली प्रथिने तयार करतात. ती प्रथिने पुढे गायीच्याच अंगी लागतात. डुकराचे तसे नाही. त्याचे पोट आपल्यासारखे एकाच कप्प्याचे असते. कडबा त्याच्या फारसा कामाचा नाही. आणि प्रथिनांच्या बाबतीत त्याच्या तोंडात जसे पडेल तसेच त्याच्या अंगी लागेल.

मांस म्हणजे मुख्यतः प्रथिने आणि पाणी. प्रथिने ही निरनिराळ्या घटकांची बनलेली असतात. भिंत बांधताना विटा, वाळू आणि सिमेंट तिन्ही लागतात. विटांचा ढीग लागला असला तरी सिमेंट संपले की काम थांबते. डुकराच्या खुराकात हे सिमेंट म्हणजे लायसिन नावाचा घटक. मका, ज्वारी, तांदूळ, गहू या धान्यांत तो कमी असतो. सोयाबीनच्या पेंडीत आणि मासळीच्या कुटीत तो भरपूर असतो. नुसते धान्य किंवा भात-पोळीचे खरकटे खाणाऱ्या डुकराला शक्ती मिळते, पण मांस बांधायला सिमेंट मिळत नाही. मग ती शिल्लक शक्ती चरबीच्या रूपाने साठते. असे डुक्कर गोलमटोल दिसते, पण त्याची वाढ खुंटलेली असते.

आता पाण्याचा हिशेब पाहा. खरकट्यात साधारणपणे ७५ ते ८० टक्के पाणीच असते. म्हणजे पाच किलो खरकट्यात कोरडे अन्न एक ते सव्वा किलो. दहा किलोच्या पिलाला रोज सुमारे अर्धा किलो कोरडे अन्न लागते. ते सारे खरकट्यातून द्यायचे तर त्याला दोन-अडीच किलो ओले अन्न खावे लागेल, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा! एवढे त्याच्या पोटात मावतच नाही. पोट तडस लागेपर्यंत भरते आणि पिल्लू मात्र उपाशीच राहते. मोठे डुक्कर खरकट्यावर तगते, लहान पिल्लू तगत नाही, याचे कारण हेच आहे.

आधी मांस, मग चरबी

डुकराच्या वाढीबाबत इंग्लंडमधील केंब्रिज येथे झालेला एक प्रयोग प्रत्येक पाळणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. प्रा. जॉन हॅमंड यांच्या मार्गदर्शनाखाली न्यूझीलंडचे संशोधक सी. पी. मॅकमीकन यांनी तो केला आणि १९४० मध्ये प्रसिद्ध केला. एकाच वंशातील डुकरांचे चार गट केले. पहिल्या गटाला शेवटपर्यंत भरपूर खुराक दिला. दुसऱ्याला वयाच्या सोळा आठवड्यांपर्यंत भरपूर आणि नंतर बेताचा दिला. तिसऱ्याला याच्या उलट, आधी कमी आणि नंतर भरपूर. चौथ्याला शेवटपर्यंत कमी. प्रत्येक डुक्कर २०० पौंडांचे, म्हणजे सुमारे ९० किलोचे झाले की त्याचे मांस तपासले.

वजन सर्वांचे सारखेच, पण आतला माल निराळा! लहानपणी भरपूर खाऊन नंतर बेताने खाल्लेल्या दुसऱ्या गटात मांस जास्त आणि चरबी कमी निघाली. लहानपणी उपाशी राहून नंतर भरपूर खाल्लेल्या तिसऱ्या गटात चरबी सर्वांत जास्त आणि मांस कमी निघाले. चौथ्या गटाला त्या वजनापर्यंत पोचायला सर्वांत जास्त काळ लागला.

याचा अर्थ सोपा आहे. शरीराचे प्रत्येक अंग आपापल्या वेळेला वाढते. आधी हाडे, मग मांस आणि शेवटी चरबी. मांसाच्या वाढीचे दिवस उपासमारीत गेले, तर नंतर कितीही खाऊ घाला, ते अन्न बरेचसे चरबीच्या वाट्याला जाते.

त्याच केंब्रिजमध्ये पुढे डॉ. मॅक्कान्स आणि डॉ. विडोसन यांनी काही पिल्ले वर्षभर अगदी कमी अन्नावर ठेवली. वर्षाच्या अखेरीला त्यांचे वजन जेमतेम पाच-सहा किलो होते. नंतर त्यांना हवे तेवढे अन्न दिले. ती वाढली, पण चांगल्या खाल्लेल्या भावंडांएवढी मोठी मात्र झाली नाहीत.

आपल्याकडची रीत नेमकी तिसऱ्या गटाची आहे. पिल्लू लहान असताना "ते काय खाणार?" म्हणून दुर्लक्ष करायचे आणि विकायच्या आधी दोन महिने मका चारून फुगवायचे. शहरातले गिऱ्हाईक आज बिनचरबीचे मांस मागते. ज्या दिवसांत पैसा घालायचा त्या दिवसांत आपण हात आखडतो आणि ज्या दिवसांत हात आखडायचा तेव्हा सैल सोडतो.

पहिले आठ आठवडे

पिलाची वाढ आईच्या पोटातच सुरू होते. डुकरीण सुमारे ११४ दिवस, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस गाभण असते. या काळात तिला रोज दोन ते अडीच किलो चांगले खाद्य लागते. शेवटच्या महिन्यात त्यात थोडी वाढ करावी. व्याल्यावर तिच्या स्वतःच्या दोन किलोंखेरीज दर पिलामागे पाव किलो तरी जादा खाद्य द्यावे आणि पाणी सदैव समोर असावे. पाणी कमी पडले की दूध आटते.

जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच प्रत्येक पिलाला चीक मिळाला पाहिजे. रोगाशी झुंजण्याची शक्ती चिकातून येते आणि एक दिवस उलटला की ती पिलाच्या रक्तात शिरत नाही. अशक्त पिलांना हाताने पुढच्या सडांना लावावे. पुढच्या सडांना दूध अधिक असते. पिल्ले दोन-तीन दिवसांत आपापले सड ठरवून घेतात, म्हणून ही काळजी पहिल्याच दिवशी घ्यायची.

दुसरी गोष्ट लोहाची. पिल्लू जन्माला येते तेव्हा त्याच्या अंगात लोहाचा साठा अगदी थोडा असतो. त्याला रोज ७ ते १० मिलिग्रॅम लोह हवे असते आणि आईच्या दुधातून मिळते सुमारे एक मिलिग्रॅम. मातीत उकरणारे पिल्लू थोडेफार लोह मातीतून मिळवते. फरशीवर वाढणाऱ्या पिलाला तेही मिळत नाही. तिसऱ्या आठवड्यात पिल्ले पांढुरकी पडतात, धापा टाकतात आणि दगावतात. त्यावर उपाय स्वस्त आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पशुवैद्यकाकडून लोहाचे इंजेक्शन द्यावे.

तिसरी गोष्ट पिलांच्या खास खाद्याची. आईचे दूध तिसऱ्या आठवड्यानंतर पिलांच्या गरजेला पुरे पडत नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासूनच, आईला पोचता येणार नाही अशा कोपऱ्यात, बारीक भरडलेले खाद्य थोडे थोडे ठेवावे. पहिले काही दिवस पिल्ले ते नुसते हुंगतात. रोज ताजे ठेवावे, शिळे उचलून आईला घालावे. आठ आठवड्यांपर्यंत एक पिल्लू असे आठ-दहा किलोच खाद्य खाते. पण या आठ-दहा किलोंवर पुढची सारी वाढ अवलंबून असते. घरधनिणीने ज्या हौसेने कोंबडीची पिल्ले सांभाळावीत, त्याच हौसेने ही पिल्ले सांभाळली तर घरात पैसा येईल.

घरच्या घरी खाद्य

विकतचे तयार खाद्य चांगले असते, पण घरचा मका असेल तर खाद्य घरी करता येते. १०० किलो खाद्याचे प्रमाण असे ठेवावे :

पिलांसाठी (दुसऱ्या आठवड्यापासून सुमारे १५ किलो वजनापर्यंत) : मक्याचा भरडा ६० किलो, सोयाबीन पेंड २२ किलो, मासळीची कुटी ८ किलो, गव्हाचा कोंडा ८ किलो, क्षार मिश्रण दीड किलो, मीठ अर्धा किलो. यात प्रथिने सुमारे २० टक्के येतात.

वाढत्या डुकरांसाठी (१५ ते ५० किलो) : मक्याचा भरडा ५२ किलो, सोयाबीन पेंड १६ किलो, मासळीची कुटी ४ किलो, गव्हाचा कोंडा २६ किलो, क्षार मिश्रण दीड किलो, मीठ अर्धा किलो. प्रथिने सुमारे १७ टक्के.

विक्रीच्या डुकरांसाठी (५० किलोंच्या पुढे) : मक्याचा भरडा ५५ किलो, सोयाबीन पेंड १३ किलो, गव्हाचा कोंडा ३० किलो, क्षार मिश्रण दीड किलो, मीठ अर्धा किलो. प्रथिने सुमारे १५ टक्के.

मक्याऐवजी काही भाग ज्वारीचा चालेल. कोकणात तांदळाचा कोंडा मिळतो. तो ताजा असावा, खवट नसावा. मासळीची कुटी आणताना मीठ व वाळू फार नाही याची खात्री करावी. हिरवा लसूणघास बारीक कापून मूठ-दोन मुठी घातला तर उत्तम, पण तो खाद्याची जागा घेऊ शकत नाही.

रोज किती द्यावे? २० किलोच्या डुकराला सुमारे एक किलो, ५० किलोच्या डुकराला सुमारे दोन किलो, ८० किलोच्या डुकराला अडीच ते तीन किलो. दिवसातून दोनदा द्यावे. डुकराला घाम येत नाही म्हटले तरी चालेल, त्यामुळे चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्याची भूक मरते. त्या दिवसांत सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा खाऊ घालावे, दुपारी अंगावर पाणी शिंपडावे. पाणी कोरड्या खाद्याच्या दुप्पट-तिप्पट लागते.

खरकटे द्यायचे तर असे द्या

खरकटे अजिबात देऊ नये असे माझे म्हणणे नाही. फुकट मिळणारे अन्न वाया का घालवावे? पण ते कोणाला द्यायचे, कसे द्यायचे आणि त्यात काय मिसळायचे, हे ठरले पाहिजे.

पहिला नियम : २५ किलोंच्या आतील पिलाला खरकट्यावर ठेवू नये. त्याला कोरडे खाद्यच द्यावे.

दुसरा नियम : मोठ्या डुकराला खरकट्याबरोबर पेंड द्यावी. ३० किलोच्या डुकराचे उदाहरण घेऊ. त्याला रोज सुमारे १ किलो ४०० ग्रॅम कोरडे अन्न लागते. साडेपाच किलो खरकट्यातून १ किलो १०० ग्रॅम मिळाले आणि त्यात प्रथिने दहा टक्के धरली तर ती ११० ग्रॅम झाली. त्यात ३०० ग्रॅम सोयाबीन पेंड घातली की आणखी १३५ ग्रॅम मिळाली. एकूण झाली २४५ ग्रॅम, म्हणजे सुमारे साडेसतरा टक्के. जेवढी हवीत तेवढीच! सोबत २० ग्रॅम क्षार मिश्रण घालावे. मूठभर पेंडीने खरकट्याचे खाद्य होते.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा : खरकटे उकळूनच द्यावे. नुसते कोमट करून भागणार नाही. चुलीवर खळखळून उकळी आल्यावर तळापासून ढवळत एक तास उकळावे, निववावे आणि मगच द्यावे. कच्च्या खरकट्याची भांडी आणि उकळलेल्याची भांडी वेगळी ठेवावीत.

याचे कारण ऐका. २०२० साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग आपल्या देशात पहिल्यांदा आढळला. २०२२ मध्ये तो केरळातील वायनाडपर्यंत आणि पंजाबपर्यंत पोचला. या रोगाने माणसाला काही होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप मरतात आणि उरलेली मारून पुरावी लागतात. त्यावर औषध नाही आणि आपल्याकडे वापरायला लसही उपलब्ध नाही. या रोगाचे विषाणू डुकराच्या मांसात, सॉसेजमध्ये बराच काळ जिवंत राहतात. हॉटेलच्या पिंपात असा एक तुकडा आला आणि तो न उकळता गव्हाणीत गेला, की धंदा संपला. आसपासच्या भागात साथ असेल तर उकळलेलेही खरकटे बंद करावे. एकाच वेळी अनेक जनावरे ताप येऊन मरू लागली तर ती विकू नयेत, नदीनाल्यात टाकू नयेत. ताबडतोब सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

हे टाळा

कच्चे सोयाबीन : मराठवाड्यात आणि विदर्भात घरोघरी सोयाबीन आहे. भाव पडला की "डुकरालाच घालू" असे वाटते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा घटक असतो. ते खाऊन वाढ होण्याऐवजी खुंटते. उकडून किंवा भाजून द्यावे. गिरणीतून येणारी पेंड तापवलेली असते, तिची भीती नाही.

सरकी पेंड : गायी-म्हशींना ही चालते, डुकरांना चालत नाही. तिच्यात गॉसिपॉल नावाचे विष असते. गायीचे पोट ते बरेचसे निकामी करते, डुकराला ते बाधते.

बुरशी लागलेला मका आणि भुईमूग पेंड : पावसाळ्यात ओल लागून बुरशी येते. तिचे विष काळजाला धरते. बुरशीचे धान्य उन्हात वाळवल्याने विष जात नाही. ते फेकावे.

खारट खरकटे : लोणची, पापड, खारे मासे यांचे खरकटे आणि त्यातच पाण्याची टंचाई, असा योग आला की डुकरे गोल फिरू लागतात, झटके येऊन मरतात. पुष्कळांना ही करणी वाटते. ती मिठाची बाधा असते. पाणी भरपूर असले तर ती सहसा होत नाही.

जंत : पोटात जंत असले तर आपण डुकराला घातलेले जंत खातात. दूध तोडल्यावर आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे.

मोकाट सोडणे म्हणजे फुकट चारणे नव्हे

"आमची डुकरे गावभर हिंडून पोट भरतात, खर्चच नाही," असे अभिमानाने सांगणारे भेटतात. हिंडणारे डुक्कर जे खाते त्यातला मोठा भाग हिंडण्यातच खर्च होतो. काळ्या देशी डुकराची रोजची वाढ अशा रीतीने दीड-दोनशे ग्रॅमच्या पुढे सहसा जात नाही. बांधून, चांगले खाऊ घातलेले सुधारित डुक्कर रोज चारशे ते सहाशे ग्रॅम वाढते. देशी जात वाईट असते असे मात्र नाही. गोव्यातील अगोंदा गोवन या देशी जातीची राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. काटक, थोडक्यात भागवणारे जनावर आहे. पण काटक जनावरालाही वाढायला अन्न लागतेच.

याहून गंभीर गोष्ट आरोग्याची आहे. मोकाट डुक्कर माणसाची विष्ठा खाते. त्यातून पट्टकृमीची अंडी त्याच्या पोटात जातात आणि मांसात दाण्यासारख्या गाठी होतात. ते मांस अर्धकच्चे खाल्ले की माणसाच्या आतड्यात पट्टकृमी होतो. त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी घाणेरड्या हातांतून, न धुतलेल्या भाजीतून दुसऱ्याच्या पोटात गेली तर त्याच्या मेंदूत गाठी होऊन फेफरे येऊ शकते. ज्याने कधी डुकराचे मांस तोंडात घातले नाही, त्यालाही हे होऊ शकते. म्हणून घरोघर संडास, डुकराला गोठा आणि मांस पूर्ण शिजवणे, ही तिन्ही पथ्ये साऱ्या गावाच्या हिताची आहेत.

वजनाचा आणि पैशाचा हिशेब

या धंद्यात एकूण खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश ते पाऊण हिस्सा खाद्यावर जातो. म्हणून दर पंधरवड्याला वजन पाहावे. काटा नसला तर शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर इंचांत घ्यावा. कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत पाठीची लांबी इंचांत घ्यावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी करून ८८० ने भागावे. वजन किलोंत येते. घेर ३६ इंच, लांबी ४० इंच असेल तर वजन साधारण ५९ किलो.

सुधारित जातीच्या डुकराचे वजन आठ आठवड्यांना १२ किलो, चार महिन्यांना ३५ किलो, सहा महिन्यांना ६५ किलो आणि साडेसात-आठ महिन्यांना ९० किलोच्या आसपास असावे. कोणत्या टप्प्यावर मागे पडले ते वहीत दिसले, की खुराकात कुठे चुकले ते कळते.

१२ किलोचे पिल्लू ९० किलोचे करायला एकूण सुमारे २७० किलो खाद्य लागते. त्यातले १२ ते ३५ किलोपर्यंतचे महागडे, पेंडीचे खाद्य जेमतेम ६० किलो. उरलेले २१० किलो पुढच्या टप्प्याचे, आणि त्यातच उकळलेल्या खरकट्याने बचत करता येते. या दोन आकड्यांना आपल्या गावच्या मका-पेंडीच्या भावाने गुणा आणि बाजारातल्या जिवंत वजनाच्या दराशी ताडून पाहा. बचत शेवटी करायची असते, सुरुवातीला नाही, हे कागदावरच दिसेल. शिवाय आठ महिन्यांचे काम बारा महिने चालले तर जादा चार महिने जनावर नुसता जीव तगवायला खाते. ते खाद्य कोणत्याच काट्यावर दिसत नाही.

राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ च्या सुधारणेनुसार १०० माद्या व १० नरांच्या प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ३० लाख रुपये, अनुदानाची तरतूद करण्यात आली. त्याची सद्यःस्थिती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावी. पण अनुदान गोठ्याला मिळते, खुराक आपल्यालाच घालावा लागतो. ज्याने आधी दोन-चार डुकरे वही ठेवून वाढवली आहेत, त्यानेच मोठ्या प्रकल्पाच्या वाटेला जावे.

नवीन सुरुवात करणाऱ्यांनी एवढेच करून पाहावे. एकाच वेताची चार पिल्ले घ्यावीत. दोघांना चार महिन्यांपर्यंत वर सांगितलेला खुराक द्यावा, दोघांना नेहमीच्या रीतीने वाढवावे. शिंप्याच्या टेपने दर पंधरा दिवसांनी मापे घ्यावीत. मुलांना शाळेत गुणाकार-भागाकार येतो, हिशेब त्यांच्याकडून करून घ्यावा. चार महिने संपतील तेव्हा कोणते खाद्य महाग आणि कोणते स्वस्त, हे ती वहीच सांगेल.